क्विल्ट स्वतः पूर्ण करायची की क्विल्टरकडे द्यायची? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

टॉप शिवून झालाय. आता नक्की काय काय राहिलंय?

अर्धं काम राहिलंय असं धरून चाला. टॉप म्हणजे तुकडे जोडून शिवलेला फक्त वरचा थर, त्याच्याखाली बॅटिंग म्हणजे मधला मऊ भराव येणार आणि सगळ्यात खाली बॅकिंग म्हणजे मागचं कापड. हे तीन थर एकमेकांना धरून राहतील असे टाके घालणं म्हणजे क्विल्टिंग. ते झालं की चारही कडा सरळ कापायच्या आणि बायंडिंग, म्हणजे कडा झाकणारी पट्टी, लावायचं. स्वतः करायचं की पैसे घेऊन क्विल्टिंग करून देणाऱ्या क्विल्टरला द्यायचं हा सगळा वाद मधल्या टप्प्याचाच आहे, कारण टॉप तर आपणच शिवलेला असतो आणि बायंडिंगही बहुतेक जणी आपणच लावतात.

मग स्वतः करू की देऊ? सरळ सांगा ना.

प्रत्येक क्विल्टचा निर्णय वेगळा घ्या. "मी कायम स्वतःच करणार" किंवा "मला ते जमतच नाही" असं एकदाच ठरवून टाकलं की त्यात नुकसान आपलंच. बाळाची दुपटी, भिंतीवर लावायचे लहान तुकडे, टेबल रनर, रोज अंगावर घेऊन रोज धुवायची क्विल्ट, हे सगळं स्वतः करा. डबल बेडची क्विल्ट असेल, तारीख ठरलेली भेट असेल किंवा ज्या टॉपवर खूप बारीक काम केलंय आणि त्याला तसंच बारीक क्विल्टिंग हवंय, तर ती देण्याचा विचार नक्की करा.

माझं ठाम मत विचाराल तर निदान पहिल्या काही लहान क्विल्ट्स स्वतःच्या हाताने पूर्ण कराच, पुढे सगळ्या बाहेर द्यायच्या असल्या तरीही. बॅकिंगवर चुणी कशी पडते, टाके किती दाट घातले की कापड कडक होतं, जाड शिवणीवरून सुई जाताना काय होतं हे एकदा हाताला कळलं की तुम्ही टॉपच जास्त चांगला शिवता, आणि क्विल्टरशी बोलताना नेमकं काय हवंय तेही सांगता येतं.

घरच्या साध्या मशीनवर मोठी क्विल्ट होते का?

होते, पण कष्टाचं काम आहे हे आधीच सांगते. साध्या मशीनमध्ये सुईच्या उजवीकडची मोकळी जागा 6 ते 9 इंच असते. 60 इंच रुंद क्विल्टच्या मध्यावर टीप मारताना उजवीकडचं 30 इंच कापड, बॅटिंग आणि बॅकिंगसकट, त्या एवढ्याशा जागेत गुंडाळून बसवावं लागतं. त्यात क्विल्टचं वजन टेबलाखाली लोंबायला लागलं की ती सुईपासून मागे ओढली जाते आणि टाके बारीक-मोठे व्हायला लागतात. लोक मशीनला दोष देतात, पण बऱ्याचदा दोष लोंबणाऱ्या वजनाचा असतो. मशीनच्या डावीकडे आणि मागे टेबल लावा, इस्त्रीचं टेबल मशीनच्या उंचीला आणून ठेवलं तरी चालतं, आणि क्विल्ट सुईच्या आसपास सैलसर ढीग करून ठेवा म्हणजे ओढ बसत नाही. एवढ्यानेच फरक दिसेल.

वॉकिंग फूट, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारा खास भाग, मात्र हवाच. तो वरचा थर आणि खालचा थर एकाच वेगाने पुढे सरकवतो. साध्या फूटने वरचं कापड पुढे ढकललं जातं आणि शेवटी चुणी पडते. टाका 3 मिलिमीटरच्या आसपास ठेवा, सुई 90/14 ची घ्या आणि नवी क्विल्ट सुरू करताना नवीन सुई लावा. आधी मध्यातल्या मोठ्या शिवणींवरून टीप मारून थर पक्के करायचे, मग एका बाजूचं काम संपवून दुसरी बाजू. शेजारशेजारच्या सरळ रेषा सगळ्या एकाच दिशेने मारा, एक वरून खाली आणि दुसरी खालून वर असं केलं तर मधलं कापड तिरकं ओढलं जातं.

मला फ्री मोशन येत नाही, मग स्वतः करण्यात अर्थ आहे का?

अहो आहेच की! फ्री मोशन म्हणजे मशीनचे कापड सरकवणारे दाते खाली करून, डार्निंग फूट लावून कापड आपल्या हाताने फिरवायचं. सुंदर दिसतं, पण त्याला सराव लागतो कारण टाक्याची लांबी तुमच्या हाताचा वेग आणि पायाचा वेग जुळण्यावर ठरते. ते येईपर्यंत सरळ रेषा, तिरक्या चौकटी, हलक्या लाटा हे सगळं वॉकिंग फूटने होतं, आणि आजकालच्या मोठ्या मोठ्या तुकड्यांच्या टॉप्सवर तर सरळ रेषाच जास्त शोभतात असं मला मनापासून वाटतं. रेषा किती अंतरावर हव्यात ते बॅटिंगच्या पाकिटावर लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय डिझाइन ठरवू नका. वॉर्म अँड नॅचरल सारख्या बॅटिंगला 10 इंचांपर्यंतचं अंतर चालतं, पण काहींना 3-4 इंचांवर टाका लागतोच, नाहीतर धुतल्यावर आतलं सगळं गोळा होतं.

फ्री मोशन शिकायचंच असेल तर फूटभर लांबीरुंदीचे तीन थरांचे सँडविच करून त्यावर सराव करा, आणि मागची बाजू सारखी उलटून बघत राहा. वळणांवर खालचा दोरा सरळ ताणलेला दिसला आणि वरच्या दोऱ्याचे बारीक बारीक फास पापण्यांसारखे बाहेर आलेले दिसले तर बहुतेक वेळा तुम्ही वळणावर हात जोरात फिरवताय, किंवा वरच्या दोऱ्याचं टेन्शन, म्हणजे ताण, सैल पडलंय. आधी हात सावकाश करा, मग टेन्शनच्या चकतीला हात लावा.

सगळ्यात कंटाळवाणा भाग म्हणजे थर जोडणं. तो टाळता येतो का?

टाळता येत नाही, आणि घाईत तर अजिबात करू नका, स्वतः केलेल्या क्विल्ट्स बिघडतात त्या बहुतेक इथेच. बॅकिंग उलटं अंथरून कडा जमिनीला किंवा टेबलाला टेपने चिकटवायच्या, ताठ हवं पण ताणलेलं नको. ताणून चिकटवलं तर टेप काढल्यावर ते परत आकसतं आणि मागे चुण्या येतात. त्यावर बॅटिंग, त्यावर टॉप, मध्यापासून बाहेर हाताने सपाट करत जायचं. मग वाकड्या सेफ्टी पिना दर 4 इंचांवर, म्हणजे मूठ ठेवली तर कुठेतरी पिन लागली पाहिजे. पिनांऐवजी थर चिकटवणाऱ्या स्प्रेने पटकन होतं, फक्त खिडक्या उघड्या ठेवा आणि तो स्प्रे कापडासाठीचाच घ्या. कच्चे टाके घालायचे असतील तर हाताने क्विल्टिंग करणाऱ्यांना तेच बरे, पिना कापड ताणून धरणाऱ्या रिंगमध्ये अडकतात.

एक मधला मार्गही आहे जो फार कमी जणींना माहीत असतो. काही लाँगआर्मवाले (मोठ्या फ्रेमच्या क्विल्टिंग मशीनवर काम करणारे) फक्त थर जोडून देतात, मोठमोठे कच्चे टाके घालून, आणि पुढचं क्विल्टिंग तुम्ही घरी करता. गुडघे दुखत असतील, जमिनीवर बसता येत नसेल तर हा फार मोठा आधार आहे.

हाताने करायचं का?

वेळ असेल आणि हाताला तो आनंद हवा असेल तर जरूर करा, हाताच्या धावदोऱ्याला जो मऊपणा येतो तो मशीनला येत नाही. बिटवीन नावाच्या आखूड सुया घ्या. नंबर जितका मोठा तितकी सुई लहान, म्हणून सुरुवात 9 नंबरने करा. बारीक टाके जमत नसतील तर जाड दोऱ्याचे मोठे टाके घाला, 8 नंबरचा पर्ल कॉटन आणि लांब भोकाची सुई घेऊन. भराभर होतं आणि दिसायलाही ठसठशीत. ज्या टॉपमध्ये खूप शिवणी एकत्र येतात तिथे मात्र हाताने टाके घालताना बोटं दुखतात, असा टॉप मशीनला द्या.

लाँगआर्म म्हणजे नक्की काय? घरच्या मशीनपेक्षा त्यात वेगळं काय असतं?

घरी मशीन जागेवर असतं आणि आपण कापड हलवतो. लाँगआर्ममध्ये कापड मोठ्या फ्रेमच्या रोलरवर ताणलेलं असतं आणि मशीन रुळांवरून फिरतं. मशीनच्या आतली जागा साधारण 18 ते 26 इंच, त्यामुळे कोंबाकोंबी नाही. बॅकिंग एका रोलरवर, टॉप दुसऱ्यावर किंवा मोकळा सोडलेला, म्हणून आधी पिना लावायची गरजच पडत नाही, थर फ्रेमवरच जुळतात. बहुतेक मशीनना टाका नियंत्रक असतो, हात हळू चालो की जलद, टाके इंचाला 10-12 असे सारखे पडतात.

काम दोन प्रकारचं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तेच डिझाइन पुन्हा पुन्हा येतं तो पहिला प्रकार. त्यासाठी मशीनच्या मागे उभं राहून कागदावरच्या डिझाइनवरून, म्हणजे पँटोग्राफवरून, लेझरचा ठिपका फिरवतात, किंवा कॉम्प्युटर मशीन चालवतो. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक ब्लॉकला (टॉपमधल्या एकेका चौकोनाला), बॉर्डरला, मोकळ्या जागेला वेगळं काम, ते कस्टम. कस्टमला वेळ कितीतरी पट लागतो आणि पैसेही तसेच. कॉम्प्युटरने केलं म्हणजे बटण दाबून झालं असं समजू नका हं, डिझाइन बसवणं, रांगेला रांग जुळवणं, दोरा तुटला की नेमक्या जागी परत सुरू करणं हे माणूसच करतो.

खर्च कसा काढतात?

जास्त करून चौरस इंचावर. लांबी गुणिले रुंदी, दोन्ही इंचात, आणि त्याला दर. 60 बाय 80 ची क्विल्ट म्हणजे 4800 चौरस इंच. आता तीच क्विल्ट सगळ्या बाजूंनी 4 इंचांची बॉर्डर लावून 68 बाय 88 केली तर 5984 होतात, म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा जास्त. शेवटच्या क्षणी "अजून एक बॉर्डर लावू या" म्हणताना हे लक्षात असू द्या.

दराशिवाय दोरा, बॅटिंग, बॅकिंगला जोड घालणं, इस्त्री, सुटे दोरे कापणं, बायंडिंग यांचे वेगळे पैसे लागू शकतात. किमान शुल्कही असतं, त्यामुळे लहान दुपटं बाहेर देणं बऱ्याचदा परवडत नाही. सगळं आधीच लिहून घ्या.

स्वतः केलं की फुकटच ना?

फुकट नाही. बॅटिंग दोन्हीकडे लागतं ते सोडा, पण दोरा, सुया, स्प्रे किंवा पिना, वॉकिंग फूट हे सगळं येतंच. मोठ्या जागेचं मशीन घ्यायचा मोह होतो तो वेगळा. वर तुमचा वेळ. मला वेळेचे पैसे लावून हिशोब करायला आवडत नाही, कारण ज्याला क्विल्टिंगच आवडतं त्याच्यासाठी तो वेळ खर्च नाहीच. प्रश्न स्वतःला असा विचारा की हे काम तुम्ही आवडीने करताय का. तुकडे निवडणं आणि जोडणंच तुम्हाला आवडत असेल आणि क्विल्टिंगच्या नुसत्या विचाराने टॉप कपाटात जाऊन बसत असतील, तर पैसे देऊन ते करून घेण्यात काहीही कमीपणा नाही.

क्विल्टरकडे देण्याआधी तयारी काय करायची?

इथे जरा सविस्तर सांगते. तिन्ही थर वेगवेगळे द्यायचे, पिना लावून नाही. बॅकिंग आणि बॅटिंग टॉपपेक्षा प्रत्येक बाजूला 4 इंच मोठं हवं, कारण ते रोलरला लावायला आणि बाजूच्या क्लॅम्पना पकडायला कापड लागतं. म्हणजे 60 बाय 80 च्या टॉपला बॅकिंग 68 बाय 88. 42 इंच पन्ह्याचं कापड असेल तर उभी जोड दिली की 88 इंचांचे दोन तुकडे, एकूण 176 इंच, म्हणजे साधारण साडेचार मीटर. तीच जोड आडवी दिली तर 68 इंचांचे तीन तुकडे, 204 इंच लागतात. काही क्विल्टरना आडवी जोड बरी वाटते, कारण उभी जोड रोलरवर एकाच जागी गुंडाळत जाऊन तिथे फुगवटा येतो, म्हणून कापड घेण्याआधी विचारा. 108 इंच पन्ह्याचं कापड मिळालं तर जोडच नको. जोड देताना काठ आधी कापून टाका, काठ घट्ट विणलेला असतो आणि धुतल्यावर वेगळा आकसतो. आणि बॅकिंग काटकोनात आहे ना बघा, वाकडं बॅकिंग फ्रेमवर सरळ बसतच नाही.

टॉपला नीट इस्त्री करून मागचे लोंबते दोरे कापा, गडद दोरा पांढऱ्या कापडाखालून आरपार दिसतो आणि क्विल्टिंग झाल्यावर तो काढता येत नाही. कडेला येऊन संपणाऱ्या शिवणी असतील तर काठापासून पाव इंचाच्या आतच, बायंडिंगखाली झाकली जाईल अशी, एक टीप चारही बाजूंनी मारा म्हणजे ताणताना शिवणी उसवत नाहीत. बटणं, मणी, टिकल्या आत्ता लावू नका. वरची बाजू कुठली ते चिठ्ठी पिन करून सांगा.

बॉर्डर लाटांसारखी होते. क्विल्टिंगमध्ये ती बसेल ना?

नाही बसत. जास्तीचं कापड कुठेतरी जाणारच, एकतर तिथे चुणी पडेल नाहीतर बॉर्डर तशीच फुगलेली राहील. लांब पट्टी घेऊन कडेकडेने शिवत जायचं आणि उरलेलं कापायचं, या सवयीने ते होतं. टॉप मधोमध मोजा, तेवढीच पट्टी कापा, दोन्हीचे मध्य जुळवून टाचण्या लावा आणि मग शिवा. फुगलेली बॉर्डर असेल तर देण्याआधी उसवून परत लावलेली बरी.

क्विल्टर निवडताना काय विचारायचं?

आधी त्यांनी केलेल्या दोन-तीन क्विल्ट्स हातात घेऊन बघा, फोटोत मागची बाजू दिसत नाही. मग नंबर कधी लागेल, बॅटिंग कोणतं वापरतात, स्वतःचं बॅटिंग चालेल का, दोऱ्याचा रंग कोण ठरवणार, आणि काही बिघडलं तर काय करणार हे स्पष्ट विचारा. वेटिंग अनेक आठवड्यांचं असू शकतं, म्हणून तारखेची भेट असेल तर टॉप पूर्ण व्हायच्या आधीच नंबर लावून ठेवा. "तुम्हाला आवडेल ते करा" असं सांगून येऊ नका, निदान दाट की विरळ, गोलाकार की कोनाकोनाचं, आणि क्विल्ट रोज वापरायची की नुसती बघायची, एवढं तरी सांगा. टॉपमध्ये सगळे त्रिकोण-चौकोन असतील तर गोलाकार क्विल्टिंगने तो मऊ दिसतो. आणि खूप गजबजलेल्या छापील कापडावर महागडं कस्टम करून घेऊ नका हो, ते कुणाला दिसणारच नाही.

परत आल्यावर काय तपासू?

घेतानाच, घरी जाऊन नाही. उजेडात मागची बाजू वर करून अंथरा आणि बोटांची टोकं फिरवा, सैल टाके डोळ्यांआधी बोटांना कळतात. चुण्या, सुटलेल्या जागा, टाके जिथे सुरू-बंद झालेत तिथल्या गाठी बघा. एखादा टाका इकडेतिकडे असणं चालतं, पण खालचा दोरा ओढला की सरसर निघत असेल तर शांतपणे दाखवा आणि दुरुस्त करून मागा.

दुसऱ्याने क्विल्टिंग केलं तर ती माझी म्हणता येते का?

येते, फक्त दोघींची नावं सांगा. मागच्या लेबलवर टॉप कुणी शिवला, क्विल्टिंग कुणी केलं आणि वर्ष, एवढं लिहा. प्रदर्शनाला देताना नियम वाचा, अनेक ठिकाणी एकटीने केलेल्या आणि दोघींनी मिळून केलेल्या क्विल्ट्सचे विभाग वेगळे असतात आणि क्विल्टरचं नाव देणं सक्तीचं असतं.

"पूर्वी सगळं स्वतःच करायचे" असं म्हणणाऱ्यांना सांगा की पैसे घेऊन क्विल्टिंग करून देणं नवीन नाही, अमेरिकेत चर्चमधल्या बायकांचे गट हे काम करून निधी जमवायचे. मशीनचंही तसंच. मशीनचं काम ते खरं काम नव्हे असं बरीच वर्षं मानलं जायचं, पण 1989 मध्ये अमेरिकेतल्या पडूका शहरातल्या अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात कॅरल ब्रायर फॅलर्ट यांच्या मशीनवर क्विल्ट केलेल्या कामाला सर्वोत्तम बक्षीस मिळालं आणि तिथून लोकांची नजर बदलत गेली.

आजीने शिवलेला जुना टॉप सापडलाय, तो पूर्ण करू का?

करा, पण आधी धुऊ नका, क्विल्टिंग नसलेल्या टॉपच्या शिवणी धुण्यात उसवतात. उजेडासमोर धरून विरलेली जागा शोधा. कापड बोटाने हलकंसं ताणल्यावरच फाटत असेल तर फ्रेमवर ताणायला देऊ नका, तो हाताने सावकाश करण्यासारखा टॉप आहे. कापड धड असेल आणि फक्त वाकडंतिकडं असेल तर अनुभवी क्विल्टरला दाखवा, कुठे सामावून घेता येईल ते त्या बघून सांगतील.

स्वतः आणि पैसे देऊन, यांच्यामधलं काही आहे का?

आहे ना. काही ठिकाणी लाँगआर्म तासावर भाड्याने मिळतं, आधी शिकवतात आणि मग आपण करायचं. पहिल्या खेपेला साधं पँटोग्राफच निवडा. दुसरा मार्ग म्हणजे ब्लॉक एकेक करून क्विल्ट करायचे आणि नंतर जोडायचे, म्हणजे मशीनखाली कधीच मोठा बोजा येत नाही, फक्त मागच्या जोडपट्ट्यांचं काम वाढतं. आणि अगदीच सोपं हवं असेल तर जाड दोऱ्याने ठरावीक अंतरावर गाठी मारा, अंतर बॅटिंगच्या पाकिटावर लिहिलंय त्याच्या आत ठेवून. जाड, फुगीर रजईला तर हेच छान दिसतं.

बायंडिंग तरी स्वतः लावू का?

हो, ते मात्र शिकाच. चारही बाजूंची बेरीज करा आणि 12 इंच जास्त धरा. 60 बाय 80 ला 292 इंच होतात. अडीच इंचांच्या पट्ट्या तिरक्या जोडताना प्रत्येक जोडीत थोडं जातं, म्हणून 42 इंचांच्या कापडातून 8 पट्ट्या, म्हणजे 20 इंच कापड पुरतं. मशीनने पुढून लावून मागे हाताने हेम केलं की झालं.

कपाटात सात-आठ टॉप पडलेत, सुरुवात कुठून करू?

सगळे बाहेर काढून अंथरा. सगळ्यात लहान आणि सगळ्यात साधा टॉप या आठवड्यात स्वतः घ्या, सरळ रेषा मारून. सगळ्यात मोठ्यासाठी क्विल्टरला आजच फोन करून नंबर लावा, तो लागेपर्यंत बॅकिंग शिवून होईल. बाकीच्यांना चिठ्ठ्या लावा, कुठला स्वतः आणि कुठला द्यायचा, आणि प्रत्येकाचं बॅकिंग त्याच्याच घडीत ठेवून द्या.